म्यान कोणी शिवले? धारेमागच्या चामड्याचा इतिहास

१/
खंडेनवमीला देवघरासमोर पाट मांडून त्यावर शस्त्रे ठेवली जातात. ज्या घरी जुनी तलवार आहे तेथे ती म्यानातून उपसून पुसतात, पात्याला हळदकुंकू लावतात, मुठीला झेंडूची माळ बांधतात. एवढे होईपर्यंत म्यान कोठेतरी भिंतीला टेकवून ठेवलेले असते. संग्रहालयांतही अनेकदा हाच क्रम दिसतो. पात्याची लांबी, घडण, मुठीचा प्रकार यांची नोंद फलकावर असते; म्यान असलेच तर शेजारी निमूट पडलेले असते. आजचा हा धागा त्या म्यानाविषयी आहे. ते कसे तयार होई, त्याचे चामडे कोणाकोणाच्या हातून येई, आणि ते शिवणारे हात पुढे कोठे गेले, हे तीन प्रश्न घेऊन आपण निघू.

२/
आधी शब्द पाहू. ‘म्यान’ आपल्याकडे फारसीतून आले. फारसीत ‘मियान’ म्हणजे मध्य, कंबर. ‘दरम्यान’ या आपल्या नित्याच्या शब्दात तोच दडला आहे. मध्यम आकाराच्या पालखीला म्हणतात तो ‘मेणा’ही त्याच कुळातला. त्यापूर्वी संस्कृतात ‘कोश’ होता, ‘खड्गपिधान’ होते. मराठीने मात्र ‘म्यान’ इतके आपलेसे केले की भांडण थांबवणे म्हणजे तलवार म्यान करणे, आणि दोन वरचढ माणसे एकत्र नांदत नाहीत हे सांगायला एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत ही म्हण. युद्ध आणि शांतता यांच्यामधली जागा भाषेने म्यानाला दिली. इतिहासलेखनाने तेवढी दिली नाही.

३/
उत्तम टिकलेल्या अतिप्राचीन म्यानांपैकी एक आल्प्स पर्वतात मिळाले आहे. १९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया-इटली सीमेजवळ बर्फात एका पुरुषाचे शव दिसले. ‘ओत्झी’ या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. त्याचा काळ आजपासून सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळ चकमकीच्या दगडाचे पाते आणि लाकडी मूठ असलेला छोटा खंजीर होता. त्याचे म्यान झाडाच्या अंतर्सालीच्या तंतूंचे विणलेले, आणि पट्ट्यात अडकवण्यापुरता चामड्याचा बंद. म्हणजे गरज आधीची आहे, चामडे हे तिचे एक उत्तर. कोकणातल्या शेतकऱ्याने याच गरजेला वेगळे उत्तर दिले: कमरेच्या दोरीला मागे आकडी बांधायची आणि त्यात कोयती अडकवायची. तेथे चामडे लागतच नाही.

४/
भारतीय वाङ्मयात पात्याच्या घराचा एक जुना उल्लेख बृहदारण्यक उपनिषदात सापडतो, तोही तत्त्वचिंतनाच्या ओघात. आत्मा देहात नखांच्या टोकांपर्यंत कसा भरून आहे हे सांगताना तेथे वस्तऱ्याची उपमा येते: वस्तरा जसा आपल्या कोशात पूर्ण बसलेला असतो, तसा. त्या कोशासाठी शब्द आहे ‘क्षुरधान’. उपमा देणाऱ्याने एक गोष्ट नीट पाहिलेली दिसते. चांगले म्यान पात्याच्या आकाराचे असते, आणि पाते आत असताना बाहेरून दिसत नाही तरी त्याचा आकार कळतो. म्यान शिवणारा कारागीर आजही नेमके हेच साधू पाहतो.

५/
याहून विलक्षण नोंद महाभारताच्या विराटपर्वात आहे, आणि तिचा दसऱ्याशी थेट संबंध आहे. अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रे शमीच्या झाडावर लपवली. आपल्याकडे शमीपूजनाची लोकपरंपरा या कथेशी जोडली जाते. गोग्रहणाच्या वेळी विराटपुत्र उत्तर त्या झाडावरून शस्त्रे उतरवतो आणि एकेक पाहून ‘हे कोणाचे?’ असे विचारत जातो. या प्रश्नोत्तरांत तलवारींबरोबर त्यांचे कोशही येतात. भीमाच्या खड्गाचा कोश व्याघ्रचर्माचा, नकुलाचा पाच नखांच्या प्राण्याच्या कातड्याचा, सहदेवाचा गाईच्या चामड्याचा. शस्त्रांची ओळख पटवताना म्यानाचे चामडे ही खूण धरली आहे, आणि गोचर्माचा उल्लेख करताना कवीला कोणताही संकोच वाटलेला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिची गरज पडेल.

६/
आता वस्तूकडे येऊ. मध्ययुगीन आणि उत्तर-मध्ययुगीन भारतीय तलवारीचे म्यान निव्वळ चामड्याचे क्वचितच असे. हलक्या लाकडाच्या दोन पातळ फळ्या आतून कोरून घेत, त्या पात्याभोवती जुळवून सरसाने चिकटवत. त्यावर चामडे, कापड किंवा मखमल ताणून मागच्या बाजूला शिवत. तोंडाशी धातूची मुहनाळ, टोकाशी तहनाळ. प्रत्येक भागाला कारण आहे. लाकूड नसेल तर लांब म्यान वाकते आणि घोडा दौडत असताना पाते आतून चामडे कापते. मुहनाळ नसेल तर तलवार आत-बाहेर होताना तोंडाची कड झिजते. तहनाळ नसेल तर टोक खालून बाहेर येऊन घोड्याला किंवा स्वाराच्या पोटरीला लागते.

७/
मराठ्यांच्या शस्त्रांविषयी वाचताना ‘फिरंग’ हा शब्द आपण अनेकदा पाहतो. युरोपात घडलेली लांब पाती समुद्रमार्गे येत आणि येथे त्यांना देशी मूठ बसवली जाई. या व्यवहारातला एक मुद्दा सहसा सांगितला जात नाही. पाते आयात करता येते, म्यान आयात करून भागत नाही. मूठ बदलली की पात्याचा तोल आणि तोंडाजवळची जाडी बदलते. शिवाय प्रत्येक पात्याची लांबी, रुंदी, बाक वेगळा. म्हणून प्रत्येक फिरंगीसाठी येथल्याच कोणा कारागिराला नवे म्यान मापाने घडवावे लागे. दूरदेशीच्या पोलादाभोवती या मातीतले लाकूड आणि येथल्याच जनावराचे कातडे असे.

८/
युरोपात हाच व्यवसाय कसा होता? लंडनमध्ये थेम्स नदीकाठच्या चिखलातून मध्ययुगीन चाकूंची चामडी म्याने मोठ्या संख्येने मिळाली. पाणथळ गाळात प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून चामडे कुजले नाही. बरीचशी वासराच्या कातड्याची, एकाच तुकड्याची घडी घालून मागे शिवलेली, पुढच्या बाजूला रेघांचे आणि ठशांचे नक्षीकाम. तेथे पाते घडवणारे, मूठ बसवणारे आणि म्यान करणारे हे वेगवेगळे व्यावसायिक होते आणि म्यानकारांचा स्वतःचा संघ होता. संघ असला की नियम लिहिले जातात, नियम लिहिले की नोंदी उरतात. आपल्याकडे हे काम जातीच्या चौकटीत चालले. कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या टिकले; ते कोणाचे होते याच्या नोंदी फार थोड्या उरल्या.

९/
ऋतुचक्राचाही येथे वाटा आहे. पावसाळ्यात नद्या भरलेल्या, वाटा चिखलाच्या. म्हणून मराठी फौजा बहुधा छावणीला असत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. आता चामड्याच्या दृष्टीने या चार महिन्यांचा विचार करा. दमट हवेत चामड्याला बुरशी धरते, दोरा कुजतो, सरस सुटतो, लाकूड फुगते आणि तलवार म्यानात अडकते. मोहिमेपूर्वी जीन, लगाम, पट्टे, म्याने यांची डागडुजी होणे अपरिहार्य होते. शस्त्रपूजेला धर्माइतकाच व्यवहाराचाही आधार आहे, असे म्हणायला हरकत नाही. वर्षातून एकदा प्रत्येक हत्यार बाहेर काढून तपासायला लावणारा तो दिवस होता.

१०/
हे चामडे येई कोठून? बलुतेदारीत गावातली मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम महारांवर लादलेले होते. कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे. जोडे, मोटा, पट्टे शिवणे चांभारांकडे. जीन, खोगीर आणि म्याने यांचे काम जिनगरांकडे. फारसी ‘जीन’ म्हणजे खोगीर, ‘गर’ म्हणजे करणारा. एका म्यानासाठी कातडे इतक्या हातांतून जाई. मनुस्मृतीने चर्मकाम करणाऱ्यांना संकरजातींत ढकलले होते. पुढच्या काळात महार, ढोर आणि चांभार हे अस्पृश्य ठरले. विराटपर्वातला सहदेवाचा गोचर्माचा कोश आठवा. वस्तू राजपुत्राच्या कमरेला शोभत होती. ती घडवणाऱ्याच्या वाट्याला मात्र गावाबाहेरचे घर आले.

११/
कातडे कमावणे म्हणजे काय, हे समजल्याशिवाय या श्रमाचे मोल कळत नाही. कच्चे कातडे काही दिवसांत कुजते. आधी ते चुन्याच्या पाण्यात भिजवून केस सैल करायचे, मग केस आणि आतले मांस खरवडून काढायचे, चुना धुऊन टाकायचा. त्यानंतर बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांच्या काढ्यात ते मुरवायचे. भारतात एक खास पद्धत होती: कातडे शिवून त्याची पिशवी करायची, ती टांगायची आणि आत साल व पाणी भरायचे. काढा कातड्यातून झिरपत जाई. या वनस्पतींतले टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना बांधून ठेवते. मग ते कुजत नाही. हे सारे काम दुर्गंधीत, चुन्याने सोललेल्या हातांनी करायचे असे.

१२/
या धाग्यासाठी वाचन करताना मी एक लहान म्यान शिवायलाही घेतले. माझा मामा आंब्याची कलमे बांधतो. त्याची स्थिर पात्याची छोटी सुरी आजवर फडक्यात गुंडाळलेली असे. यंदा दसऱ्याची भेट म्हणून तिला घर द्यावे असे ठरवले. आमच्या भागातल्या एका वयस्क चर्मकारांनी आरी कशी धरायची आणि रापी कशी ओढायची ते शिकवले. चामडे निवडताना त्यांनी प्रथम कापलेली कड पाहिली. सालीत कमावलेले चामडे आरपार तपकिरी दिसते. क्रोम क्षारांनी कमावलेल्याचा गाभा निळसर-राखाडी असतो. म्यानाला पहिलेच हवे, कारण ओले करून दिलेला आकार तेच धरून ठेवते.

१३/
कृती अशी. सुरी कागदावर ठेवून बाह्यरेषा काढायची, शिवणीपुरती जागा सोडायची, आणि कागदी नमुन्याची घडी घालून सुरी आत-बाहेर करून पाहायची. मग त्या मापाने सुमारे ३ मिलीमीटर जाडीचे चामडे रापीने कापायचे. घडीच्या दोन पदरांमध्ये, धारेच्या बाजूने, चामड्याची आणखी एक अरुंद पट्टी घालायची. ही पट्टी म्हणजे म्यानाचा प्राण. ती नसेल तर सुरी आत सरकवताना धार थेट दोऱ्यावर घासते आणि काही आठवड्यांत शिवण उसवते. ती असली की धार पट्टीच्या कडेवर टेकते, दोरा सुरक्षित राहतो. तलवारीच्या म्यानात जे काम लाकडी फळ्या करतात, तेच लहान सुरीसाठी ही पट्टी करते.

१४/
शिवण दोन सुयांची. एकाच मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया; आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी जातात. शिवणीच्या लांबीच्या चौपटीहून थोडा अधिक दोरा लागतो. यंत्राच्या टिपेत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की टाके सुटत जातात. येथे एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी तिच्या जागी धरून राहते. इंग्रजीत या शिवणीचे नावच खोगिरावरून पडले आहे. जीन शिवणारे आणि म्यान शिवणारे हात एकच का होते, हे या एका टाक्यावरून उमगते. दोन्ही ठिकाणी शिवण सुटली तर माणूस जखमी होतो.

१५/
शिवून झाल्यावर म्यान कोमट पाण्यात काही मिनिटे भिजवायचे, सुरीला तेल लावून पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचे आणि आत सरकवायचे. मग अंगठ्यांनी चामडे मुठीच्या खाचेभोवती दाबत राहायचे. सावलीत वाळले की चामडे तो आकार धरते; पुढे ना बटण लागते ना बंद. मूठ आत बसताना हलकासा अडसर जाणवतो, तेवढाच पुरे. कडा ओलसर करून लाकडाने घासून गुळगुळीत करायच्या आणि शेवटी मधमाशांचे मेण चोळायचे. हे सगळे हाताने केल्यावर संग्रहालयातले म्यान निराळे दिसू लागते. टाक्यांमधले अंतर कोठे कमी झाले, आरी कोठे तिरकी गेली, नंतर कोणी जाड दोऱ्याने दुरुस्ती केली, हे सगळे वाचता येते.

१६/
मग हा व्यवसाय गेला कसा? पहिला आघात १८१८ साली झाला. पेशवाई संपली आणि तिच्याबरोबर फौजेचा मोठा भाग विसर्जित झाला. घोडदळ नाही तर खोगिरे नाहीत, शिलेदार नाही तर म्याने नाहीत. दुसरा आघात १८७८ च्या शस्त्र कायद्याने. व्हाइसरॉय लिटनच्या काळातल्या या कायद्याने सामान्य माणसाला शस्त्र बाळगण्यासाठी परवाना आवश्यक केला, आणि त्या व्याख्येत बंदुकींबरोबर तलवार-खंजीरही होते. मागणी उरली ती मुख्यतः संस्थानिकांच्या दरबारी आणि समारंभी तलवारींपुरती.

१७/
१८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जिनगरांची नोंद वाचण्यासारखी आहे. नावाने खोगीर करणारा हा समाज तोवर धातूचे ओतकाम, दगडावरचे आणि लाकडावरचे कोरीवकाम, चित्रकला, मातीच्या व कापडाच्या मूर्ती, कुलपे आणि घड्याळे दुरुस्त करणे अशा अनेक कामांत पसरला होता. ही यादी पडझडीची म्हणून वाचता येते, आणि बुद्धीच्या चपळाईची म्हणूनही. ज्या हातांना लाकूड, चामडे, सरस, धातू आणि रंग एकाच वस्तूत जुळवण्याची सवय होती, ते घड्याळ उघडायला कचरले नाहीत. दरम्यान १८८४ साली अमेरिकेत क्रोम क्षारांनी चामडे कमावण्याचे पेटंट घेतले गेले. महिन्यांचे काम दिवसांवर आले आणि बाभळीच्या सालीचे महत्त्व ओसरू लागले.

१८/
येथवरची कथा आपल्याला परिचित वाटेल: साम्राज्य आले, कायदा आला, रसायन आले, कारागीर बुडाला. परंतु ती अर्धीच आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचा सत्याग्रह याच परिषदेतून झाला, हे आपण जाणतो. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृत जनावरांचे मांस खाणे सोडा, असे आवाहन केले. मेलेली ढोरे ओढण्याचे काम नाकारणे हाही त्या चळवळीचा भाग होता. अनेक गावांत महारांनी हे काम खरोखरच थांबवले आणि त्यासाठी सवर्णांचा बहिष्कार व मारहाण सोसली.

१९/
म्यानाच्या इतिहासात महाडचा उल्लेख का, असे कोणी विचारील. कारण चामड्याच्या त्या साखळीचा पहिलाच दुवा तेथे माणसांनी स्वतःच्या इच्छेने तोडला. आपण इतिहासप्रेमी ‘लुप्त होत चाललेली कला’ असे सहज लिहितो आणि हळहळतो. ती हळहळ खोटी नसते, तरी तिने एक प्रश्न झाकला जातो. कला कोणी हिरावून घेतली, की कोणी ती जाणीवपूर्वक खाली ठेवली? जिनगरांचे गिऱ्हाईक सत्तांतराने नेले. महारांनी मात्र आपल्यावर लादलेले काम फेकून दिले, आणि ते फेकणे ही त्यांची कमाई होती. दोन्ही घटनांना ‘ऱ्हास’ हा एकच शब्द लावणे म्हणजे इतिहास वाचण्यापूर्वीच मिटून ठेवणे.

२०/
मग हे कौशल्य जपायचे की नाही? माझ्या मते जपायचे, पण जातीपासून सोडवून. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. सालीत कमावलेले चामडे आणि हाताची शिवण यांची परंपरा तेथे अजून चालू आहे. त्या कारागिराला योग्य दाम मिळणे, त्याचे नाव वस्तूवर असणे, त्याच्या मुलीला हे काम करण्याचे वा न करण्याचे स्वातंत्र्य असणे, आणि ज्याला इच्छा आहे त्या कोणत्याही जातीच्या मुलाने त्याच्यापाशी बसून आरी धरायला शिकणे, हे सगळे एकत्र झाले तर त्याला जतन म्हणता येईल.

२१/
शेवटी एक विनंती आणि एक सूचना. घरी किंवा ओळखीच्यांकडे जुने म्यान असेल तर यंदा पूजेपूर्वी ते उलटे करून पाहा. शिवण मागच्या बाजूला असते. चामडे आहे की कापड, आत लाकूड दिसते का, तहनाळ मूळची आहे की नंतर बसवलेली, कोठे ठिगळ आहे, हे लिहून ठेवा आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की दुरुस्तीला ते कोणाकडे जाई. ते नाव मिळाले तर तेही टिपून ठेवा. सूचना ही की पाते वर्षभर चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडे ओल धरते, त्यातल्या आम्लाने लोखंड गंजते आणि पितळेवर हिरवा थर चढतो. पाते तेल पुसून वेगळे ठेवा, म्यान हवेशीर जागी वेगळे. आणि दसऱ्याला दोन्ही पाटावर मांडा.